हातकणंगले व्हाया ग्लेन्को

ऑफिसात कुणी "नेटिव्ह प्लेस?" असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. "कोल्हापूर." बस्स! समोरचा लगेच तांबडा-पांढरा, मिसळ, चप्पल, अंबाबाई या फोर-पॉइंट प्रोग्रॅमवर येतो आणि विषय संपतो. खरं गाव सांगायचं तर आधी उच्चार शिकवा, मग स्पेलिंग सांगा, मग नकाशा काढा. कुणी सांगितलंय! आमच्या एका दिल्लीवाल्या टीममेटने हातकणंगलेचं 'हाथ कंगन' करून टाकलं होतं. मीही म्हटलं, चालू दे.

'हातच्या कांकणाला आरसा कशाला' अशी आपल्याकडे म्हण आहे. मला लागला, बॉस. आणि तोही थेट स्कॉटलंडचा!

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला वर्षभरासाठी एडिंबरोला पाठवलं होतं. मे महिन्यात आई-आप्पा तीन आठवडे राहायला आले. आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. उभी हयात इचलकरंजी डेपोत गेली. त्यांना काय दाखवावं, या विचारात मी पाच दिवसांची एक कोच टूर बुक केली. चकाचक बस, मोठाल्या काचा, किल्ट घातलेला ड्रायव्हर, आणि तोच गाइड. एका हाताने स्टिअरिंग असं नव्हे हं, कानाला लावलेला माइक. गाडी चालवता चालवता तो पाच दिवस बोलत होता.

आई खिडकीबाहेर बघत होती, मी मोबाइलमधून बघत होते, आणि आप्पा बघत होते बस. पहिल्याच दिवशी कळलं की इथे सीट रोज बदलायच्या, म्हणजे पुढची सीट सगळ्यांना मिळते. आप्पा खूश! "म्हंजे खिडकीतनं रुमाल टाकायचा न्हाई?" मग त्यांनी ड्रायव्हरच्या ड्यूटीची चौकशी केली, अर्थातच माझ्यामार्फत. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती सक्तीची, हे ऐकून ते बराच वेळ गप्पच झाले. नंतर हळूच म्हणाले, "शाणी माणसं हाईत."

सीनरीबद्दल मी काय सांगू? हिरवे-करडे डोंगर, खाली काळंशार पाणी, मधेच धुकं, मधेच ऊन. पण खरं सांगते, ग्लेन्कोच्या दरीत शिरलो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, पावसाळ्यातला आंबा घाट यापेक्षा कुठे कमी आहे? आणि तेवढ्यात ड्रायव्हरने गोष्ट सुरू केली. १३ फेब्रुवारी १६९२ची पहाट. त्याआधी जवळपास दोन आठवडे सरकारी सैनिक याच दरीतल्या मॅकडोनाल्ड लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहत होते. त्यांच्या चुलीशेजारी बसले, त्यांचं खाल्लं, त्यांच्याबरोबर पत्ते खेळले. आणि वरून हुकूम आल्यावर त्या पहाटे त्यांनी यजमानांनाच कापलं. अडतीसेक माणसं गेली. जे पळाले, त्यातले कितीतरी बर्फात गारठून मेले.

मी आप्पांना भाषांतर करून सांगितलं. ते म्हणाले, "मीठ खाऊन?"

बस्स, दोन शब्द. पण त्यानंतर ती दरी मला वेगळीच दिसायला लागली. डोंगर तोच, धुकं तेच. फक्त आता तिथे पहाट होती, बर्फ होता, चुली होत्या. मोबाइल खाली ठेवला मी.

पुढे आयलीन डोनन नावाचा किल्ला. तळ्याकाठी, दगडी पुलापलीकडे, कॅलेंडरवर असतो ना अगदी तस्सा. जाम फोटो काढले. आणि मग ड्रायव्हरने मिश्कीलपणे सांगितलं की हा किल्ला १७१९मध्ये तोफांनी आणि सुरुंगांनी उडवला होता. दोनशे वर्षं नुसते ढिगारे. आपण बघतोय तो १९१२ ते १९३२ या काळात नव्याने बांधलेला! आप्पा हसत सुटले. "म्हंजे आमच्या थोरल्या काकांच्या वयाचा हाय की!" पण त्यांना आवडलं ते वेगळंच. "बग, त्यानं सांगून टाकलं. जुना म्हनून खपवला न्हाई."

शेवटच्या दिवशी कलोडनचं रणांगण झालं. १७४६ची लढाई, तासाभरात संपलेली, आणि त्यानंतर स्कॉटिश डोंगरी लोकांच्या पोशाखावरच जवळपास पस्तीस वर्षं बंदी. एडिंबरोला परतताना बसमध्ये जरा शांतता होती. तेव्हा ड्रायव्हरने माइक मागे पाठवला. प्रत्येकाने आपापल्या गावाबद्दल दोन मिनिटं बोलायचं. एक ऑस्ट्रेलियन जोडपं बोललं. आजोबांचं घराणं शोधत आलेल्या एक कॅनेडियन बाई बोलल्या. मग माझा नंबर. मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरजवळचे, जेवण तिखट असतं, चपला छान मिळतात, थँक यू. टाळ्या.

आप्पांनी विचारलं, "काय सांगितलंस?"

मी सांगितलं.

"एवढंच?"

आणि त्यांनी माइक घेतला. मराठीत सुरू झाले. मला म्हणाले, "तू इंग्रजी कर." आता आली का पंचाईत! ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, मी भाषांतर करायचे. आमच्या गावाला रेल्वे १८९१ला आली. कोल्हापूर संस्थानानं आणली. आमच्या तालुक्यात कुंभोज म्हणून गाव आहे, तिथे १८८७ला एक मुलगा जन्मला, भाऊराव पाटील. त्यानं १९१९ला संस्था काढली आणि ज्यांच्या घरात कधी पाटी आली नव्हती अशांची पोरं, सगळ्या जातींची, एकत्र ठेवून शिकवली. "मी त्याच संस्थेच्या शाळेत शिकलो. म्हणून माझी मुलगी इथं नोकरी करते." हे वाक्य इंग्रजीत करताना माझा आवाज जरा अडकला, कबूल करते. आणि आमच्या गावापासून तासा-सव्वा तासावर खिद्रापूर नावाचं गाव आहे, तिथे आठशे वर्षांहून जुनं देऊळ आहे. त्याच्या एका मंडपाला मधोमध छतच नाही. मुद्दाम नाही ठेवलेलं.

कॅनेडियन बाई वळून म्हणाल्या, फोटो आहे?

माझ्या फोनमध्ये पाच दिवसांतले चारशे फोटो होते. खिद्रापूरचा एकही नव्हता. कारण मी तिथे कधी गेलेच नव्हते.

*

या जानेवारीत हिशेब चुकता करायचं ठरवलं. पुण्यातल्या आमच्या टीमला मेल टाकला. 'हातकणंगले हेरिटेज टूर, वन डे, गाइड इन्क्लुडेड.' सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर, बारा माणसं. माइक म्हणजे माझ्या भाचीचा गुलाबी कराओके माइक. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशाला पेन, हातात जुन्या डायरीचं पान. त्यावर स्टॉप लिहिलेले, आणि प्रत्येकासमोर टाइम! माणूस रिटायर होतो, टाइमटेबल होत नाही.

सुरुवात जरा गंडलीच, सांगून टाकते. आळत्याजवळच्या रामलिंगला डोंगरात कोरलेलं देऊळ आहे, आत पिंडीवर वरून पाणी ठिबकत असतं. सुंदर जागा आहे. पण आप्पांना इतकं सांगायचं होतं की त्यांचं भाषण झालं, आणि अर्धी टीम मोबाइलमध्ये गेली. मग रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. सीझन चालू, एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकावर फुल्ल आवाजात गाणी. आमची गाडी गोगलगाय! त्यात मुलींचा लाखमोलाचा प्रश्न, वॉशरूम कुठे? स्कॉटलंडमध्ये दर दीड-दोन तासांनी 'कम्फर्ट स्टॉप' होता. इथे मला घाम फुटला. आप्पा शांत. "कुंभोजात आत्याकडं जाऊया." आणि खरंच, बारा जणांची वरात आत्याच्या दारात. आत्यानं काय केलं असेल? सगळ्यांना चहा, वर शेंगदाण्याचे लाडू, आणि "जेवूनच जावा" हा आग्रह. जगातल्या कुठल्याही टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये हे नसतं राव!

त्या चहाने गाडी रुळावर आली. बाहुबलीच्या डोंगरावरची २८ फुटी संगमरवरी मूर्ती १९६३मधली. ती बघताना आप्पांनी भाषण सोडलं आणि गोष्ट धरली. सगळं राज्य जिंकलेला एक भाऊ, दुसऱ्या भावावर उगारलेला हात मधेच थांबवतो, राज्य सोडून उभा राहतो, इतका वेळ की अंगावर वेली चढतात. "बगा, मांडीवर वेल हाय का." सगळे वेल शोधायला लागले. दिल्लीवाल्याला आधी सापडली. तिथून पुढे तो पहिल्या सीटवर बसला, सांगतेच.

इचलकरंजी आली. आता गंमत ऐका. आप्पांनी यंत्रमागांचं सांगितलं, १९०४ला इथे पहिला माग बसला, म्हणून महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात वगैरे. आणि मग माइक माझ्याकडे दिला. कारण इथे माझी भर होती! एडिंबरोहून आल्यावर मी थोडं खोदकाम केलं होतं. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे १९१३मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. आपल्यासारखं नुसतं फोटो काढून परत आले नाहीत. ब्रिटिश माणूस राहतो कसा, वागतो कसा, यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि ते १९१४ला लंडनच्या मॅकमिलनने छापलं. म्हणजे गोरे साहेब आपल्यावर पुस्तकं लिहीत होते त्या काळात आमच्या तालुक्यातला माणूस त्यांच्यावर लिहून आला! आप्पांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी पेन काढलं आणि डायरीच्या पानावर लिहून घेतलं. आयुष्यात मला मिळालेलं ते बेस्ट अप्रेझल.

मग त्यांनी सव्याज परत केलं. याच इचलकरंजीच्या दरबारात बाळकृष्णबुवा गायक होते. तरुणपणी घरदार सोडून गाणं शिकायला ग्वाल्हेरपर्यंत पोचलेले. त्यांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली. आणि पुढे कुरुंदवाडला गाडी थांबवून आप्पा म्हणाले, "ह्या गावच्या पोराचे डोळे फटाक्यानं गेले. बुवांच्याकडं गानं शिकला. आनि १९०१ला लाहोरात जाऊन गान्याची शाळा काढली. आजपर्यंत चालू हाय तिची परंपरा." पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर! आमच्या टीममधली एकजण लहानपणी गांधर्वच्या परीक्षा दिलेली. ती एकदम ताठ बसली. "ते इथले?" हो गं बाई, इथलेच. तू प्रारंभिकला बसलीस ती गाडी इथून सुटली.

नृसिंहवाडीला जेवण, बासुंदी, कवठाची बर्फी. वाडीला पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी थेट देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडतं, आणि लोक त्यात स्नान करायला येतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. तेच पाणी २०१९ला मात्र सोहळा करायला आलं नव्हतं. ते सांगताना आप्पा थोडक्यात आटपले. या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात त्या पाण्याची खूण कुठपर्यंत होती, ते बोटाने दाखवतात.

देवळाला कळस का नाही, असं कुणीतरी विचारलं. आप्पा म्हणाले, "विजापूरच्या आदिलशहानं बांधलं म्हनत्यात. त्याच्या लेकीला नजर आली म्हनून." दिल्लीवाल्याने लगेच फोन काढला, "अंकल, प्रूफ?" मी जरा टेन्शनमध्ये. आप्पा अजिबात नाही. "प्रूफ न्हाई. म्हनत्यात म्हटलं की मी. लेखी बगायचं आसंल तर खिद्रापूरला चला. तितं दगडावर हाय." मला एकदम तो आयलीन डोननचा किल्टवाला आठवला. चांगला गाइड म्हणजे सगळं माहीत असलेला नव्हे. 'असं आहे' कुठे संपतं आणि 'असं म्हणतात' कुठे सुरू होतं, हे ज्याला कळतं तो.

खिद्रापूरला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. बाहेरून कोपेश्वर तसा बेतासबात वाटतो, आणि मग तुम्ही स्वर्गमंडपात पाऊल टाकता. अठ्ठेचाळीस खांब, काही गोल, काही चौकोनी, काही आठकोनी, आणि मधोमध वर तेरा फुटांचं गोल आकाश. खाली बरोबर तेवढीच गोल शिळा. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम. दक्षिण दरवाजाजवळ यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला संस्कृत शिलालेख. इथले इतर बरेचसे लेख जुन्या कन्नडमधले. म्हणजे भाषावार राज्यं वगैरे नंतरची भानगड! देवळाचा सगळा भार उचलून उभे हत्ती, कितीतरी मूर्तींचे फुटलेले चेहरे. आणि शंकराच्या देवळात नंदीच नाही.

"नंदी कुटं गेला?" आप्पांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. "त्याच्यावर बसून सती माहेरी गेली. बापाच्या घरी, यज्ञाला. बापानं मान राखला न्हाई. ती परत आलीच न्हाई, म्हनून नंदी पन तिकडंच ऱ्हायला. नदीपल्याड यडूरला. असं म्हनत्यात." मग मूर्तींच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "देव कोपला, म्हनून कोपेश्वर."

बाराही जण वर आकाशाच्या गोलाकडे बघत उभे होते. फोन खिशात. मी आप्पांजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?"

"हितलीच म्हातारी मानसं. माझी मुक्कामाची गाडी असायची की हितं. संध्याकाळी सातला पोचायची, सकाळी सहाला सुटायची. मदी काय करायचं? देवळात येऊन बसायचं."

मुक्कामाची गाडी. हा शब्द मला लहानपणापासून पाठ होता. आप्पा आज घरी का नाहीत? मुक्कामाच्या गाडीवर आहेत. माझ्या गॅदरिंगला का नाहीत? मुक्कामाच्या गाडीवर. त्या शब्दावर माझा किती राग होता, म्हणून सांगू! मला वाटायचं, तिकडे कुठेतरी अंधारात बसमध्ये झोपत असतील. झोपतही होतेच. पण त्याआधी ते इथे बसलेले असायचे, याच खांबाला टेकून, कुणा म्हाताऱ्याचं ऐकत. तीस-पस्तीस वर्षं जमवलेलं हे सगळं घरात माझ्या शेजारच्या खोलीत होतं. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याच्या बापाकडून दुसऱ्याच्या डोंगराची गोष्ट ऐकायला मात्र पौंड मोजले.

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

"तू कवा इचारलंस?"

भांडायला जागाच नव्हती.

२०२५च्या जूनमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या रॅम्पवर चालली, तेव्हा आपण सगळे खडबडून जागे झालो. जुलैत पन्हाळ्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा स्टेटस टाकले. मस्तच. पण आमच्या कुंभोजला, कुरुंदवाडला, खिद्रापूरला कुणी सर्टिफिकेट देईपर्यंत थांबायचं का? ती गोष्ट सांगणारी माणसं सत्तरीच्या आसपास आहेत, मित्रांनो. युनेस्कोच्या मीटिंगपर्यंत ती थांबतीलच असं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर थोडक्यात फंडा. हातकणंगले मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर आहे, कोल्हापूरपासून साधारण वीस किलोमीटर. हिवाळा बेस्ट. खिद्रापूर शेवटी ठेवा, संध्याकाळच्या उजेडासाठी. भर पावसाळ्यात जाणार असाल तर नदीची पातळी विचारून निघा. आणि उसाच्या सीझनमध्ये टाइमटेबलवर तासभर जास्तीचा धरा.

परतताना गाडीत अंधार होता. सगळे पेंगत होते. दिल्लीवाला पुढच्या सीटवरून वळून म्हणाला, "अंकल, नेक्स्ट टाइम पन्हाळा?" आणि मग मला, अगदी सावकाश, एकेक अक्षर जोडत, "हा-त-कणं-ग-ले. बरोबर?"

"लय भारी," मी म्हटलं.

आप्पांनी गुलाबी माइक माझ्या मांडीवर ठेवला. "पुढच्या टायमाला तू सांगायचं. मी खिडकीला बसनार."

"मी सांगतो की!" मी म्हटलं. पुण्यात आल्यापासून 'सांगते' म्हणायची सवय लावून घेतली होती मी. आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी सांगतो' म्हणतात, त्यावर हॉस्टेलला सगळ्या हसायच्या. त्या अंधारात आपोआप परत आलं.

आप्पांनी समोरच्या दांड्यावर दोन टिचक्या मारल्या. टण, टण. डबल बेल. गाडी सुटली.